फुकट लिहू नका

१५ जून १९७५, रविवार. खोलीचं भाडं महिना साठ रुपये ठरलं, लाइटचं बिल त्यातच. हजर तिघं: घरमालकीण पगारे बाई, भाडेकरू दावित आणि शेजारी म्हणून मी. नाशिक रोडला जेल रोडच्या बाजूला आमची कॉलनी. बाईंचं घर आमच्या घराला लागून, मधे कमरेएवढी भिंत. मी हिशोब खात्यात नोकरीला, त्यामुळे आकड्यांचा व्यवहार असला की बाई भिंतीवरून हाक मारायच्या, "भाऊ, जरा या इकडे."

दावित इथिओपियाचा. वीस-एकवीस वर्षांचा, उंच, किडकिडीत. दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागे. शहरातल्या एका कॉलेजात त्याला बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला होता. परदेशी विद्यार्थी म्हणून पोलिसांकडे त्याचं नाव नोंदलेलं होतं आणि राहण्याचा परवाना दरवर्षी वाढवून घ्यावा लागत होता. त्याच्या देशात आदल्या वर्षी राजाला काढून लष्कराने सत्ता घेतली होती. हे मी पेपरात वाचलं होतं, पण लष्कराची सत्ता म्हणजे काय ते आमच्यापैकी कुणाला कळत नव्हतं.

भाडं ठरल्यावर तो बाईंचा हात दोन्ही हातांत धरून "थँक यू, थँक यू" म्हणायला लागला. बाईंनी हात सोडवून घेतला.

"थँक यू कशाचं? भाडं देणार आहेस ना? उपकार नाही करत मी." मग माझ्याकडे वळून, "भाऊ, सांगा त्याला इंग्रजीत."

मी सांगितलं. तो ओशाळून हसला.

पगारे बाई म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिक्षिका होत्या. तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे असतील. यजमान रेल्वेत होते, ते लवकर गेले, मूलबाळ नव्हतं. लहानखुरी चण, बारीक काठाची पांढरी साडी, खांद्याला कापडी पिशवी. समोरच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिच्याखाली शिकवणीच्या मुलांच्या पाट्यांची चळत. आवाज असा की त्या घरात पाढे घेत असल्या तरी आमच्या स्वयंपाकघरात बारा सत्ते चौऱ्याऐंशी ऐकू यायचं.

त्यांच्या दारात कुणी नुसतं बसून राहू शकत नसे. भेटायला आलेल्या बाईच्या पुढ्यात मेथीची जुडी यायची. कॉलनीतल्या मुलाला दुकानात धाडलं की परत आल्यावर पाच पैसे हातावर. "नको बाई" म्हटलं तर म्हणायच्या, "नको काय? चालत गेलास ना? कामाला काम म्हणायचं, आणि कामाचं मोल घ्यायचं." एकदा विम्याचा एजंट आला होता. बाई आत जुने कागद शोधत होत्या. तोवर त्याला त्यांनी बिघडलेला स्टोव्ह दिला, "बघा जरा." त्या बिचाऱ्याने पिन मारून, वायसर बदलून स्टोव्ह पेटवून दिला. बाईंनी आठ आणे पुढे केले. तो मोठ्यांदा हसला. म्हणाला, "बाई, मी विमा कंपनीचा माणूस, मला आठ आणे देता होय?" बाई हसल्या नाहीत. तो आठ आणे खिशात घालेपर्यंत त्यांनी विम्याच्या कागदावर सही केली नाही.

हा विक्षिप्तपणा आहे असं आम्ही धरून चाललो होतो. पण एका वर्षी बाईंना टायफॉइड झाला. माझ्या बायकोने दोन-तीन आठवडे त्यांना पेज, भात असं काही ना काही नेऊन दिलं. बऱ्या झाल्यावर बाई आमच्या घरी आल्या आणि शिवणाचं मशीन उघडून बसल्या. "वहिनी, कापड काढा. परकर शिवते." बायको म्हणाली, "अहो बाई, शेजारधर्म आहे तो." त्या म्हणाल्या, "असेल. पण माझं मन घेत नाही." आणि मशीन चालवता चालवता, मान वर न करता, त्यांनी आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. मी बाहेरच्या खोलीत होतो. मलाही ऐकू आली.

त्यांचं गाव देवळ्याकडचं. वडिलांकडे गावकीचं काम. कुणाचं जनावर मेलं तर ते ओढायचं, सांगावा पोचवायचा, लग्नकार्यात लाकडं फोडायची. एका मोठ्या घरच्या लग्नात बाई वडिलांच्या मागे गेल्या होत्या, सहा-सात वर्षांच्या असतील. वडील सकाळपासून लाकडं फोडत होते. संध्याकाळी ओट्यावरून कुणीतरी त्यांच्या धडप्यात भाकरी टाकली, वरून, हात न लावता. आणि म्हणाला, "घे. आमच्या जिवावर बसून खाताय लेको फुकटचं." बाई म्हणाल्या, "वहिनी, फोडलेल्या लाकडांचा ढीग समोर होता. माझ्या उंचीपेक्षा वर. तो त्याला दिसत नव्हता. आणि माझा बाप मान हलवत होता, हो मालक, हो मालक." मशीन थांबलं नाही. आमच्याकडे पुन्हा तो विषय निघाला नाही, पण त्यानंतर बाईंनी काही दिलं तर आम्ही नाही म्हणायचं सोडून दिलं.

दावितला बाईंनी मराठी शिकवलं, म्हणजे मराठीतच ओरडून ओरडून बोलल्या. वर्षभरात तो "बाई, पाणी गेलं", "बाई, आज लय ऊन" असं बोलायला लागला. "लय नाही, फार," बाई दुरुस्त करायच्या, आणि रागावल्या की स्वतःच लय म्हणायच्या. तो हसायचा. त्याचं हसणं मोठं होतं, खोली भरून टाकणारं.

घरून त्याला दर दोन महिन्यांनी पैसे यायचे आणि भावाचं, आपल्या आंतरदेशीय पत्रासारखं निळं पत्र यायचं. पत्र आलं की बाई विचारायच्या, "घरी बरं आहे ना?" "बरं आहे, बाई." १९७६ च्या दिवाळीनंतर पैसे येणं थांबलं. मग एक पत्र आलं ते भावाच्या अक्षरातलं नव्हतं. आईने दुसऱ्या कुणाकडून तरी लिहून घेतलं होतं. सुट्टीत घरी येऊ नकोस, एवढंच त्यात होतं. भावाचं नावसुद्धा नव्हतं. त्या दिवशी बाईंनी विचारलं, "घरी बरं आहे ना?" तो म्हणाला, "बाई, आमच्या गल्लीतली पोरं कॉलेजला जातात, परत येत नाहीत." त्याला मराठीत नीट सांगता आलं नसेल असं वाटून मी इंग्रजीत विचारलं. इंग्रजीतही त्याने तेच सांगितलं.

पुढचे दोन महिने भाडं आलं नाही. दावित बाईंच्या नजरेला पडेनासा झाला. पहाटे उठून जायचा, अंधार पडल्यावर मागच्या बाजूने खोलीत शिरायचा. जेवत काय होता कुणास ठाऊक. एका रविवारी बाईंनी त्याला नळावर गाठलं.

"लपतोस कशाला?"

"बाई, पैसे नाहीत. मी जातो दुसरीकडे."

"कुठे जाणार? गणित चांगलं आहे तुझं?"

"आहे."

"मग आजपासून माझ्या क्लासची पाचवी ते सातवी तुझी. माझे डोळे गेलेत अपूर्णांक तपासून तपासून. भाडं त्यात वळतं. दोन्ही वेळचं जेवण पण."

भिंतीपलीकडून मला हे सगळं ऐकू येत होतं. बाई त्याला सहज म्हणाल्या असत्या, राहा पोरा, पैशाचं बघू पुढे. पण तसं म्हटलं असतं तर तो राहिला नसता, आणि बाईंना तसं म्हणताही आलं नसतं. संध्याकाळी त्याचा आवाज ऐकू आला. "पावणेदोन म्हणजे किती?" मग मुलांचा गलका. मुलं त्याला दावितदादा म्हणायची. सातवीची मुलं त्याला मुद्दाम अडकवायची, "दादा, अडीचकी म्हणा!" तो म्हणायचा, चुकायचा, मुलं गडबडा लोळायची, आणि आतून बाई गर्जायच्या, "हसता काय रे? तुम्हाला येते का त्याच्या भाषेत?" त्या वर्षी शाळेच्या परीक्षेत क्लासचं एकही मूल गणितात नापास झालं नाही.

१९७८ च्या जूनमध्ये दावित बी.एस्सी. झाला, पहिल्या वर्गात. सातपूरच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत त्याला शिकाऊ केमिस्ट म्हणून घ्यायला तयार झाले. घरी परत जाणं आता शक्यच नव्हतं. त्याच्या देशातला पुण्यात शिकणारा एक जण आदल्या वर्षी मायदेशी परत गेला होता, आणि त्याच्याबद्दल विचारणाऱ्या पत्रांना उत्तर येत नव्हतं. जानेवारीत आईचं शेवटचं पत्र आलं होतं. त्यात भावाच्या नावाला, आमच्याकडे वारलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावतात तसा शब्द होता, असं त्याने सांगितलं.

पण परदेशी विद्यार्थ्याला शिक्षण संपल्यावर इथे काम करायचं तर सरकारची परवानगी लागणार. त्याच्याबरोबर मी शहरात परदेशी नागरिकांची नोंद होते त्या ऑफिसात गेलो. तिथल्या कारकुनाने अटी सांगितल्या: राहण्याच्या परवान्याची मुदत संपायच्या आत अर्ज केलेला पाहिजे, नोकरी देणाऱ्याचं पत्र पाहिजे, वर्तणुकीचा पोलीस अहवाल चांगला पाहिजे. आणि शिकत असताना कुठेही मोबदला घेऊन काम केलेलं नसावं.

"मोबदला म्हणजे पैसे?" मी विचारलं.

"पैसे, धान्य, राहायला जागा, काहीही. विद्यार्थी म्हणून आलाय ना? विद्यार्थ्याने शिकायचं. काम केलं असेल तर परवान्याचा भंग, मग अर्जाचा विचारच नाही."

परत येताना बसमध्ये दावित खिडकीबाहेर बघत राहिला. उपनगरचा स्टॉप गेल्यावर म्हणाला, "बाईंना तुम्ही सांगा. मी नाही सांगू शकत."

मी सांगितलं. बाई गहू निवडत होत्या. मी म्हणालो, "बाई, पोलीस चौकशीला येईल. तो क्लासला शिकवतो हे बोलू नका. सांगा, पोर अडचणीत होतं, माणुसकीने ठेवून घेतलं."

"म्हणजे खोटं?"

"त्याला घरी पाठवलं तर मारतील, बाई."

बाईंनी सुपातला खडा उचलून दाराबाहेर टाकला. "काम करणाऱ्याला काम करू देत नाहीत, आणि बसून खाणाऱ्याला देतात? असा कसा कायदा?" मग म्हणाल्या, "बरं. कळलं मला. सांगेन तसं."

आणि त्यांनी खरंच तयारी केली. क्लास दुसऱ्या दिवसापासून बंद. फळा धुऊन कॉटखाली सरकवला. मुलांना निरोप गेला, बाईंना बरं नाही. दावितला त्यांनी ताकीद दिली, "मी बोलेन. तू तोंड उघडायचं नाही." तो आठवडाभर खोलीत बसून असायचा. काम नसलेला दावित मी प्रथमच पाहत होतो. गेट वाजलं की तो उठून उभा राहायचा.

हवालदार आला तो शनिवारी दुपारी, सायकलवरून. पोट सुटलेला, घामाघूम, स्वभावाने बरा माणूस. बाईंनी ओट्यावर बसवून पाणी दिलं, मग चहा. मला शेजारी म्हणून बोलावलं होतं. दावित दाराशी उभा होता.

"पोरगा कसा आहे वागायला?"

"चांगला आहे. तीन वर्षांत वावगं काही नाही."

"दारूबिरू? पोरीबाळींचं काही?"

"छे."

हवालदाराने लिहून घेतलं. माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली. सगळं ठीक चाललं होतं.

"भाडं किती देतो?"

"साठ ठरलं होतं. पण घरून पैसे यायचे थांबले. दीड वर्षापासून देत नाही."

"जेवण?"

"माझ्याकडेच."

हवालदार दावितकडे बघून हसला. त्यात वाईट काही नव्हतं, थट्टा होती. "मजा आहे की राव तुझी! दीड वर्ष बसून खातोय बाईंच्या जिवावर, फुकटचं. आम्हाला नाय कुणी असं ठेवून घेत." आणि लिहिता लिहिता तोंडाने म्हणायला लागला, "सदर इसम... घरमालकिणीकडे... फुकट..."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता असा झाला होता. म्हातारीचा आणि लहान मुलीचा, दोन्ही एकदम.

"फुकट लिहू नका," बाई म्हणाल्या.

"आँ?"

"बाई," मी म्हणालो.

"फुकट नाही खाल्लं त्याने. माझ्या क्लासला गणित शिकवलं. रोज संध्याकाळी दोन तास, दीड वर्षं. भाडं त्यात वळतं केलंय मी."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याला नियम माहीत होता. तो आधी माझ्याकडे, मग दावितकडे बघत राहिला. मग अगदी हळू म्हणाला, "बाई, मी ऐकलं नाही असं समजा. माणुसकीच्या नात्याने ठेवला आहे, असं लिहितो. चालेल?"

एवढं तो माणूस देत होता. बाईंनी फक्त हो म्हणायचं होतं, किंवा काहीच म्हणायचं नव्हतं.

"लय शिकवलं हो त्यानं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज फुटला होता. "विचारा कुठल्याही पोराला. कामाला काम लिहा. फुकट लिहू नका."

हवालदाराने टोपी काढून कपाळ पुसलं, आणि लिहिलं. वाचून दाखवलं. बाईंनी सही केली. तो गेला. दावित आला आणि बाईंच्या पायाशी ओट्यावर बसला. मी त्याला इंग्रजीत काहीतरी म्हणणार होतो, पण तो मराठीत म्हणाला, "बाई खरं बोलल्या." रागाने नाही, समजूत घालायलाही नाही. जसं आहे तसं.

अर्ज नामंजूर झाल्याचं जुलैत कळलं. ऑगस्टअखेर देश सोडावा, स्वखर्चाने. बाई त्या ऑफिसात कितीदा तरी गेल्या. एकदा त्यांच्याबरोबर मी होतो. साहेब तरुण होता, खुर्चीतून उठून बोलला. "बाई, पोलीस अहवालावर तुमचीच सही आहे. मी काय करू?"

"तो गेला तर मरेल, साहेब."

"तसं असेल तर तुम्ही त्या दिवशी..." आणि तो थांबला. बाई त्याच्याकडे बघत होत्या. जिना उतरताना त्यांनी कठड्याला धरलं. मला म्हणाल्या, "भाऊ, ठरवलं होतं हो मी. तुमची शप्पथ, ठरवलं होतं." त्यापुढे त्या विषयावर त्या माझ्याशी कधी बोलल्या नाहीत, मीही नाही. दुसऱ्या कुठल्या देशात जाता येईल का म्हणून दावितने पत्रं पाठवली होती. एकाचंही उत्तर मुदतीत आलं नाही.

तिकिटासाठी बाईंनी फंडातून कर्ज काढलं आणि पाटल्या मोडल्या. ट्रॅव्हल एजंटच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. परदेशी माणसाचं तिकीट रुपयांत काढायला परवानगी लागते, ती एजंटने आणून ठेवली होती. तो म्हणाला, "एका बाजूचे दोन हजार तीनशे."

"आणि यायचे?"

"परतीचं कशाला, बाई? त्याला परत यायला परवाना कुठाय?"

"आज नाही. तिकीट किती दिवस चालतं?"

"वर्षभर."

"मग दोन्ही बाजूंचं द्या."

एजंट माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, तुम्ही सांगा यांना. पैसे पाण्यात." दावितने बाईंचा हात धरला. "बाई, नको. एवढे पैसे मी कसे घेऊ?"

"पगार आहे तुझा," बाई म्हणाल्या. "भाडं-जेवण वजा जाऊन उरलेला. माझ्याकडे राहिला होता."

आकडेमोड मला येते, आणि दावितला माझ्याहून चांगली येत होती. पाचवी ते सातवीची पंचवीस मुलं, माणशी पाच रुपये. क्लासची दीड वर्षाची सगळी फी त्याला दिली असती तरी, खोलीचं भाडंही न कापता, एका बाजूचं तिकीट आलं नसतं. त्याने एजंटच्या काचेखालच्या विमानाच्या चित्राकडे बघत मान हलवली. "हो बाई. पगार."

तो ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात गेला. पोचल्याचं पत्र आलं नाही. बाईंनी सहा पत्रं लिहिली, पत्ता इंग्रजीत माझ्याकडून घालून घेतला. एक परत आलं, त्यावर आम्हाला न वाचता येणाऱ्या अक्षरांत शिक्का होता. क्लास पुन्हा सुरू झाला, पण पाचवी ते सातवी बाईंनी घेतली नाही. चार वर्षांनी त्या निवृत्त झाल्या आणि बहिणीकडे देवळ्याला गेल्या. तोपर्यंत फंडाचे हप्ते पगारातून कापले जात होते.

१९७९ च्या जुलैत एजंटचा माणूस आमच्याकडे आला होता. परतीचं तिकीट वापरलेलं नाही, मुदत पुढच्या महिन्यात संपते. त्याआधी अर्ज केला तर बरेचसे पैसे परत मिळतील. मी त्याला बाईंकडे नेलं. बाई ओट्यावर उभ्या होत्या. त्याने कागद पुढे केला, बोट ठेवून म्हणाला, "इथं सही. प्रवासी परत येणार नाही, असं लिहून द्यायचं फक्त."

बाईंनी कागद हातात घेतला नाही. "असं मी लिहून देणार नाही," म्हणाल्या आणि आत गेल्या.

दोन्ही बाजूंच्या तिकिटाचे, सवलत जाऊन, एकंदर चार हजार दोनशे रुपये झाले होते. ते सगळे एजंटला दिले गेले, बाईंकडून. त्यातलं परत काही घेतलं नाही.